वरचं कपाट

"हात वर कर. आणखी वर."

"एवढाच जातो," आई म्हणाली. तिच्या बोटांच्या टोकाशी लेकीने भिंतीवर पेन्सिलीची रेघ ओढली. वरचं कपाट त्या रेघेच्या वीतभर वर सुरू होत होतं. वडिलांनी ते स्वतःच्या उंचीच्या मापाने ठोकलं होतं. ते गेल्यावरही कपाट तिथेच राहिलं.

"आता वर काही नाही. सगळे ड्रॉवर खाली. बोट लावलं की उघडतील."

"आधी फळ्या होत्या, सगळं दिसायचं. मग काचा आल्या, त्या पुसत बसा. मग दारं. आता म्हणे कडीही नको." आई हसली. "पुढे नुसती भिंत ठेवाल. मी टाळी वाजवीन."

"आई, तुझा हात पोचत नाही म्हणून करतेय."

"तू आहेस ना काढून द्यायला."

"मी रविवारीच येते."

आईने ओटा पुसायला घेतला. लेक बाहेरच्या खोलीत जाऊन कारागिराला फोनवरून मापं कळवू लागली. आतून हाक आली, "अगं, साखरेचा डबा तेवढा काढून दे."

"थांब गं."

पुन्हा हाक आली तेव्हा ती उठली. डबा काढून तिने ओट्यावर ठेवला आणि बजावलं, "आता इथेच राहू दे." चहा घेऊन ती निघाली.

त्याच आठवड्यात आई झोपेतच गेली.

ड्रॉवर तयार होऊन आले तेव्हा नातेवाईक म्हणाले, आता कशाला? लेकीने कारागिराला ठरल्या दिवशी बोलावलं. ती तिथे राहायला येणार होती.

तो शिडीवर चढला आणि वरचं कपाट रिकामं करू लागला.

"ताई, घरात कोणी उंच माणूस होतं का?"

"बाबा होते, पण ते जाऊन वर्षं झाली. का?"

"एरवी वरच्या फळीवर बोटभर धूळ असते. ही लख्ख आहे." त्याने साखरेचा डबा खाली दिला. "हा तर अर्धा भरलेला. रोजचाच दिसतोय."

तिने डबा हातात घेतला. तो तिने ओट्यावर ठेवला होता. तिची नजर दाराआडच्या स्टुलाकडे गेली. बसायची जागा मधोमध, दोन पावलांएवढी, घासून गुळगुळीत झाली होती.

कारागिराने स्क्रू सैल करायला घेतला.

"ते राहू दे," ती म्हणाली.

"अहो, खाली सगळं नवं आणि वर हे? डिझाइन बिघडेल."

"बिघडू दे."

"लोक मला नावं ठेवतील, ताई."

"माझा नंबर दे त्यांना. स्क्रू घट्ट कर."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि स्क्रू पुन्हा आवळला.

संध्याकाळपर्यंत ड्रॉवर बसले. एकही आवाज न करता मिटत होते. तो गेल्यावर तिने साखरेचा डबा परत वर ठेवला, दार लावलं आणि बाहेरच्या खोलीत नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसली. फोन हातात घेतला, उलटा करून ठेवला.

स्वयंपाकघरात काही वाजलं नाही.

"आले गं, आई," ती मोठ्याने म्हणाली, आणि लगेच उठली.