काचेतला नवा, कपाटातला जुना

मंडळी, घरातला किंवा कारखान्यातला कॉम्प्युटर बंद पडला की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. एकजण म्हणतो, वापरलेला जुना घेऊ, काम भागतंय ना. दुसरा म्हणतो, घ्यायचाच तर नवा घ्या, लोकांना दिसला पाहिजे. त्या "लोकांना" या शब्दात बहुतेक वेळा एकच माणूस दडलेला असतो. कुणाची तरी जाऊ असते, कुणाचा तरी शेजारी असतो. आमच्या इजिप्तातल्या दुमियात गावच्या इन्शिराहसाठी तो माणूस म्हणजे तिचा धाकटा दीर लुत्फी.

आमचं सगळं गाव पलंग, कपाटं आणि सोनेरी खुर्च्यांवर जगतं. इन्शिराहचा नवरा फिक्री आणि लुत्फी यांचा कारखाना एकच होता. दोघांनी एकाच दिवशी कोरीवकामाची दोन सारखी यंत्रं घेतली होती आणि ती चालवायला दोन सारखे कॉम्प्युटर. इन्शिराह पडद्यावर वेली, गुलाब, द्राक्षांचे घड काढायची आणि यंत्र ते लाकडात कोरायचं. फिक्री गेला, तेव्हा त्याच्या चाळिसाव्याला, म्हणजे चाळिसाव्या दिवसाच्या दुखवट्याला, अख्खी गल्ली बिनसाखरेची कॉफी घेत बसली होती. त्या सगळ्यांसमोर लुत्फी म्हणाला, "वहिनीनं आता घर सांभाळावं. यंत्र बाईचं ऐकत नसतं."

कुणी काही बोललं नाही. पुढच्या आठवड्यात त्यानं कारखान्याच्या मधोमध भिंत घातली, कैरोचं मोठं गिऱ्हाईक स्वतःकडे वळवलं आणि रस्त्याच्या बाजूला मोठी काच बसवून घेतली. त्या काचेआड त्यानं नवाकोरा कॉम्प्युटर मांडला. बशीएवढा पातळ पडदा, खाली निळे दिवे, आणि वर पाटी : "सर्वात आधुनिक कोरीवकाम". इन्शिराह रोज त्या काचेवरून जायची. रोज ती पाटी वाचायची.

अशात रमजानच्या शेवटच्या आठवड्यात तिचा जुना कॉम्प्युटर धूर सोडून मेला. ईदनंतर गावात लग्नांची रांग लागते. हातात तीन पलंगांचं काम होतं. ते पोचलं नाही तर भिंतीच्या पलीकडचा माणूस म्हणायला मोकळा होता, की बघा, मी बोललोच होतो. कारखाना राहायचा की जायचा ते आता या एका पेटीवर आलं होतं.

ती तडक वदीअच्या दुकानात गेली. वदीअ नवेही विकतो आणि बाहेरदेशातून आलेले वापरलेलेही. वापरलेल्याची आरती ओवाळण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

"लुत्फीनं घेतला त्याच्यापेक्षा मोठा दाखवा," इन्शिराह म्हणाली.

"मोठा म्हणजे किती मोठा, मादाम?"

"गल्लीच्या टोकावरून दिसेल इतका."

वदीअनं नवा काढला. काय रूप होतं त्याचं! इन्शिराहच्या डोळ्यांसमोर लुत्फीचं तोंड आलं, पडलेलं. तिनं पर्स उघडलीसुद्धा.

"एक विचारू?" वदीअ म्हणाला. "यंत्र तेच आहे ना, फिक्रीभाईचं? रुंद तोंडाच्या केबलवालं?"

"तेच."

"मग याला ते तोंडच नाही. नव्यांना नसतं. मध्ये जोडणी लावून देतो म्हणणारे भेटतील, पण कोरता कोरता मध्येच उचकी लागते आणि पातं लाकडात घुसतं. यंत्राचा मेंदूच बदलायचा तर ईदनंतर कैरोहून माणूस आणावा लागेल. तोवर तुमच्या नवऱ्या मुली माहेरीच."

"मग लुत्फीचं कसं चालतंय?"

वदीअनं इकडेतिकडे पाहिलं. उपास होता, तरी त्याला बातमी गिळवेना. "चालतंय कुठे? ही सगळी भानगड मी त्यालाही सांगितली होती. म्हणाला, मला अक्कल शिकवू नकोस, काचेत काय ठेवायचं ते मला कळतं. जुना मलाच बदल्यात देऊन गेला. तो बघा."

कोपऱ्यात एक पिवळट पडलेली पेटी होती. इन्शिराह खाली बसली. पेटीच्या कोपऱ्यावर सिगारेटचा काळा डाग होता. यंत्र पहिल्यांदा चाललं, त्या आनंदात फिक्रीनं जळती सिगारेट त्या पेटीवर ठेवली होती आणि तो पोरासारखा नाचला होता. लुत्फीनं ती पेटी भंगारासारखी दिली होती.

इन्शिराहनं डागावर अंगठा फिरवला. तिला रडू यायला हवं होतं. पण आलं हसू, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं.

"ही मला द्या. अशी अजून आहे?"

"आत एक आहे, बंद पडलेल्या शाळेतली. असल्या पेट्यांवर कारखानेवाले टपलेले असतात, मादाम. नवी खेप ईदनंतरच."

"तीही बांधा."

"दोन कशाला?"

"एक कामाला," इन्शिराह म्हणाली, "आणि एक कुलपात."

शाळेतल्या पेटीवर तिनं आपला कोरीवकामाचा प्रोग्रॅम चढवला आणि केबल खोचली. यंत्र घुमायला लागलं. डागाची पेटी तिनं कपाटात ठेवली आणि कपाटाची किल्ली गळ्यातल्या साखळीत ओवली.

नंतरच्या दिवसांत तिच्यासाठी जणू ईदच लवकर आली होती. भिंतीपलीकडून यंत्र सुरू व्हायचं, थोडं घुमायचं आणि खाडकन थांबायचं. मग लुत्फीची शिवी. ती झगा सावरून भिंतीला कान लावायची. लुत्फीचा माणूस वदीअकडे गेला, तिथून हात हलवत आला. लुत्फीनं मन्सूरा शहरातल्या दुकानांना फोन लावले, तिथेही ठणठणाट. काचेतल्या कॉम्प्युटरचे निळे दिवे मात्र दिवसभर लुकलुकत होते. इन्शिराह येता-जाता काचेपुढे मुद्दाम थांबायची आणि मोठ्यानं म्हणायची, "वा, काय आधुनिक!" गल्लीतले लोक खाली मान घालून हसायचे. खरं सांगायचं तर आम्हालाही मजा येत होती. लुत्फीची जिरावी असं कुणाला वाटत नव्हतं?

मग एके दुपारी उस्ता अब्दुल मौला तिच्या दारात आला. हा आमचा पॉलिशवाला उस्ताद. दोन्ही भावांकडे त्याची हयात गेली. त्याची मुलगी नस्मा ईदच्या तिसऱ्या दिवशी बोहल्यावर चढणार होती. तुम्हाला माहीतच आहे, आमच्याकडे फर्निचर मुलीकडून जातं, आणि ट्रकवर चढवून सगळ्या गावाला दाखवत जातं. भिंत घालण्याच्या आधीच उस्तानं नस्माचा पलंग लुत्फीकडे सांगितला होता.

उस्तानं काही मागितलं नाही. सॅंडपेपरनं खरखरीत झालेले हात मांडीवर ठेवून तो बसला, इन्शिराहच्या पलंगावरची वेल बघितली आणि म्हणाला, "सुरेख झालंय. फिक्रीच्या हातासारखं." आणि उठून गेला.

इन्शिराहला तो का आला होता ते कळलं. तिनं न कळल्यासारखं केलं.

त्या संध्याकाळी ती सासूकडे काह्क, म्हणजे ईदची खजूर भरलेली बिस्किटं, करायला गेली. ईदला काह्क पाहिजेच, आणि हज करून आलेल्या तिच्या सासूच्या, हज्जा अनीसाच्या हातच्या काह्कला गावात तोड नाही. दोघी पिठाच्या परातीपुढे बसल्या. हज्जा पिठाच्या गोळ्यात खजूर भरत होती, इन्शिराह चिमट्यानं वर नक्षी काढत होती.

"किल्ली गळ्यात घातलीस म्हणे," हज्जा म्हणाली.

"शेवटी बोललातच. तुमचा लेक आहे तो. तुम्हाला त्याचा कळवळा येणारच."

"कळवळा?" हज्जानं पिठाचा गोळा परातीवर आपटला. "माझ्या मेलेल्या पोराच्या चाळिसाव्याला लुत्फीनं त्याच पोराच्या बायकोचा पाणउतारा केला. त्या दिवशी मी त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती. नाही वाजवली, ते अजून सलतंय. तू त्याला सोड म्हणून मी सांगत नाही. झोडप! पण पोरी, तू झोडपतेयस कुणाला? काठी उगारलीस लुत्फीवर आणि वळ उठतायत नस्माच्या पाठीवर."

"पलंग लुत्फीनं बिघडवला, मी नाही."

"बरोबर. त्यानं नवी पेटी घेतली ती कामासाठी नाही, तुला खिजवायला. नस्माचा पलंग तिथेच फसला. आणि तू? तुला एक पेटी कामाला पुरत होती. दुसरी कशाला घेतलीस?"

इन्शिराहचा चिमटा थांबला.

"दोघांनी एकेक पेटी घेतली, जी कुणाचंच काम करत नाही," हज्जा म्हणाली. "त्याची काचेत बसलीय, तुझी कपाटात. मला तर फरक दिसत नाही. आणि नस्माची सासू कशी आहे माहितेय ना? रिकाम्या ट्रकवरून ती पोरीला जन्मभर ऐकवेल. भर चारचौघांत ऐकवलं की कसं लागतं, ते तुला मी सांगायचं?"

इन्शिराहच्या हातातल्या काह्कवर चिमट्यानं नक्षी नाही, भोकं पडली होती. तिला राग आला, आधी सासूचा, मग स्वतःचा. चाळिसाव्याच्या दिवशी सगळी गल्ली गप्प बसली होती, आणि त्या गप्प बसण्याचाच तिला सगळ्यात जास्त राग होता. आज उस्ता तिच्या दारात बसला होता, तेव्हा गप्प कोण बसलं?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिनं कपाट उघडलं. पिवळी पेटी दोन्ही हातांत घेतली आणि गल्लीतून चालू लागली. गुपचूप मागच्या दारानं जायला ती काही संत नव्हती. सगळ्यांनी बघावं असंच तिला वाटत होतं. मनात अट तयार होती : चाळिसाव्याला जे बोललास ते सगळ्यांसमोर परत घे, मग पेटी.

लुत्फी दारातच उभा होता. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले.

"हसायला आलीस, वहिनी?"

इन्शिराह उत्तर देणार, तेवढ्यात तिला आत भिंतीला टेकवलेली उशाची फळी दिसली. नस्माच्या पलंगाची. मधल्या गुलाबावर पातं आडवं घुसलं होतं आणि फुलाची दोन शकलं झाली होती. बाजूला उस्ता अब्दुल मौला बसला होता आणि ती चीर लाकडाच्या भुशानं आणि सरसानं भरायचा प्रयत्न करत होता. ती भरणार नव्हती. ते त्यालाही माहीत होतं.

आणि इन्शिराह ती अट विसरली! ज्यासाठी गल्लीभर मिरवत आली होती, ती अट तिच्या तोंडातून निघेचना.

"बाजूला हो," ती लुत्फीला म्हणाली. "नवी फळी चढव. बीच लाकडाची. गाठ नसलेली बघ."

"किती घेणार या पेटीचे?"

"तुझीच आहे. कोपरा बघ."

लुत्फीनं कोपरा बघितला. सिगारेटचा डाग दिसला, तसा त्यानं त्यावर अंगठा टेकवला. मग तो फळी शोधायला गेला.

इन्शिराहनं केबल खोचली. फुटलेला गुलाब पडद्यावर आणला, त्याची एक पाकळी तिला आवडली नाही, ती बदलली. दारात गल्ली जमली होती, चाळिसाव्याला जमली होती तशीच. तिनं कळ दाबली. पातं खाली आलं, लाकडाला टेकलं आणि न अडखळता पाकळी कोरू लागलं.

मग उस्ता अब्दुल मौलानं सरसाचे हात फडक्याला पुसले आणि लुत्फीकडे न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ऐकतंय की यंत्र. चांगलं ऐकतंय."

लुत्फीची मान खाली गेली. थोड्या वेळानं तो काचेपाशी गेला, निळ्या दिव्यांचा कॉम्प्युटर बंद केला आणि आतल्या टेबलावर नेऊन ठेवला. त्याच्यावर आता त्याची बायको पोरांचा अभ्यास घेते. त्या कामाला तो उत्तम आहे.

नस्माचा पलंग ट्रकवर सगळ्यात पुढे गेला, हे सांगायला नको. दोघांमधली भिंत अजून आहे. इन्शिराहनं लुत्फीला माफ केलं असंही मी म्हणणार नाही. अपमान झाला होता, तो तिला आठवतो, आणि आठवावाच. पण ती आता काचेपुढे थांबत नाही.

म्हणून बंधुभगिनींनो, उद्या तुम्ही दुकानात उभे राहाल, एका हाताला जुना आणि एका हाताला नवा कॉम्प्युटर असेल, तेव्हा स्वतःला एवढंच विचारा : हा मी कामासाठी घेतोय की कुणाच्या डोळ्यांत खुपवण्यासाठी? कामाला नवा लागत असेल तर बेलाशक नवा घ्या. जुन्यानं भागत असेल तर ताठ मानेनं जुना घ्या. पण सूड उगवायला म्हणून पेटी उचलाल, तर आधी तुमच्या गल्लीत कुणा नस्माचं लग्न आहे का, तेवढं बघून घ्या.