लाल ट्रेलर

“टाकी भरल्याबिगर मी गाडी वर घेत नाई, साहेब.”

देवमन एवढंच बोलला आणि अंगणातले पाचही जण त्याच्याकडे असे बघायला लागले, जसं काही जीपचं स्टिअरिंगच बोललं.

“अरे, नुसतं ट्रेलरवर चढवून दाखवायचं आहे,” साहेब म्हणाले. “फोटो काढायचे आहेत. टाकी भरली की पाणी सांडतं, सगळा चिखल होतो.”

“डोंगर पेटला म्हंजे आपन कोरडी टाकी घेऊन जातो काय जी?”

साहेबांनी ते ऐकलंच नाही. रोजंदारीवाल्याचं ऐकायला कान वेगळे लागतात, ते त्या अंगणात कुणालाच नव्हते.

किन्हीराजाकडच्या डोंगरावरचं गवत राखणारं एक मंडळ होतं आणि देवमन तिथे एकोणीस वर्षं गाडी हाकत होता. यंदा मंडळाला डोंगरात चालणारी चारचाकी मिळाली. उघडी, ठेंगणी, जाड टायरांची गाडी. दगडगोटे, नाले काही म्हणून बघायची नाही. पाठीवर चारशे लिटरची टाकी आणि वणवा विझवायचा पंप. फक्त तिला डांबरी रस्त्यावर धावायची परवानगी नव्हती. तेव्हा पायथ्यापर्यंत तिला ट्रेलरवर न्यायचं आणि तो ट्रेलर जीपला जोडून देवमनने ओढायचा. कोणता ट्रेलर घ्यायचा ते ठरवायला पाच जणांची समिती नेमली होती. पाचांपैकी एकाने जन्मात ट्रेलर ओढला असेल तर शपथ!

अंगणात दोन ट्रेलर उभे होते. एक लाल, चकचकीत, चाकांची एकच जोडी, बाजूला मंडळाचं नाव रंगवायला ऐसपैस पत्रा. दुसरा वाशीमच्या एका वर्कशॉपमधला, नुसता काळा प्रायमर मारलेला; पण बुटका, चाकांच्या दोन जोड्या आणि स्वतःचे ब्रेक. लाल ट्रेलरला सकाळीच हार घालून झाला होता, नारळही फुटला होता. पोरगी बघायच्या आधीच वरात! देवमनच्या तळपायाची आग तिथूनच मस्तकाला जायला लागली होती.

त्याला हा एका जोडीचा ट्रेलर चांगला ठाऊक होता. दोन वर्षांपूर्वी असल्याच एका ट्रेलरवर पाण्याची टाकी घेऊन राजपाल उतारावरून येत होता. वजन मागे, जीपला जोडायची पुढची दांडी हलकी. ट्रेलर डुलायला लागला, त्याने जीपला शेपटीसारखं झटकलं आणि दोन्ही नाल्यात गेले. राजपाल देवमनचा जोडीदार, एका डब्यात जेवणारा. तो जागीच गेला; त्याला जीपखालून ओढून काढलं ते देवमननेच.

त्याच दिवशी कारकून रामकिसनने त्याच्यापुढे कोरा कागद धरला होता. “साक्षीदार म्हनून सही कर. मजकूर मागून लिहितो. राजपालच्या घरच्याईचं भरपाईचं काम लवकर होईन.” देवमनने डोळे पुसत सही केली. मागून लिहिलेला मजकूर त्याला महिन्याने कळला: चालकाच्या निष्काळजीपणामुळे अपघात. झालं! राजपालच्या बायकोला, रत्नमालाला, मिळालं काय, तर मंडळाच्याच रोपवाटिकेत झाडांना पाणी घालायची रोजंदारी. ती रोज देवमनसमोरून पाइप ओढत जायची. कधी एक शब्द विचारला नाही तिने. त्यापेक्षा तिने चार लोकांत थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं.

आताही ती कुंपणापाशी रोपांना पाणी देत होती. देवमनचं बोलणं तिच्या कानावर गेलंच असणार. ती पाइप ओढत आली आणि तिने तो टाकीच्या तोंडात खुपसला.

“अहो बाई, काय करताय?”

“झाडाईले पानी देऊन राह्यली होती जी,” ती म्हणाली. “हे बी झाडासाठीच हाय ना?”

टाकी भरली.

देवमनने लाल ट्रेलर जीपला जोडला आणि गाडी त्यावर घेतली. पुढची चाकं चढली तोवर ठीक होतं. मागची चाकं चढली आणि ट्रेलरची दांडी करकरत वर आली, तिच्याबरोबर जीपचं ढुंगण उचललं. जीपची मागची चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली. गाडी आणखी पुढे घ्यायला ट्रेलरवर वीतभर जागा नव्हती. हार घसरून मातीत पडला आणि पाचही जण दोन पावलं मागे सरकले.

“पाह्यलं?” देवमन सीटवरूनच ओरडला. “सपाट अंगनात हे हाल! उतारावर काय होईन?”

मग त्याने जीप दुसऱ्या ट्रेलरला जोडली आणि तीच गाडी, तीच टाकी काळ्या ट्रेलरवर चढवली. जीप जागची हलली नाही. आता शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

साहेबांनी घाम पुसला, समितीतल्या बाकी चौघांशी कुजबुजले आणि म्हणाले, “असं करू. लालच घेऊ. एक सूचना लिहून ठेवू, की नेताना टाकी रिकामी ठेवावी. वर गेल्यावर भरायची.”

“वर?” देवमनला आधी हसूच आलं. “वर कोठं जी? उन्हायात त्या डोंगरावर चिमनीले प्यायले पानी नाई!”

“ते तू बघ. ड्रायव्हर तू आहेस.”

रामकिसन फाइल घेऊन आला. वर ‘चालकाचा अभिप्राय’ असं छापलेलं, खाली कागद कोरा.

“हं, ठोक सही. मजकूर मी मागून लिहितो.”

देवमन कागदाकडे बघत राहिला. तोच माणूस, तेच पेन, शब्दसुद्धा तेच! दोन वर्षांत याला नवं खोटंही सुचलं नव्हतं.

“मागून कायले?” तो म्हणाला. “मले लिहिता येते.”

पायरीवर बसून त्याने मांडीवर फाइल घेतली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘लाल ट्रेलर भरल्या टाकीने जीप उचलतो. पाच साहेबांनी डोळ्यांनी पाहिलं. मी तो ओढणार नाही. राजपाल असल्याच ट्रेलरने मेला. त्याची चूक नव्हती. तेव्हा मी कोऱ्या कागदावर सही केली, ती माझी चूक.’ उरलेल्या जागेवर त्याने वरपासून खालपर्यंत रेघा मारल्या, कुणाला एक अक्षर घुसडता येऊ नये म्हणून. मग पूर्ण नाव लिहून सही केली आणि मोबाइलवर कागदाचा फोटो काढून घेतला.

साहेबांनी वाचलं. “उद्यापासून येऊ नको,” ते म्हणाले.

“येतच नाई जी.” त्याने जीपची किल्ली फाइलवर ठेवली. एकोणीस वर्षं बोटात असलेली किल्ली, हात एकदम रिकामा वाटला. राग मात्र तसूभर कमी झाला नव्हता.

तो कुंपणापाशी गेला आणि मोबाइल रत्नमालापुढे धरला. “वयनी, हे वाचा.”

ती सातवी शिकलेली. तिने एकेक शब्द ओठांनी वाचला. ‘त्याची चूक नव्हती’ या ओळीवर ती थांबली आणि पदराने काच पुसून तेवढंच पुन्हा वाचलं.

“दोन वर्सं लागले, भाऊजी,” ती म्हणाली.

“हो, वयनी.”

तिने मोबाइल परत दिला. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि त्याने विचारलंही नाही.

मागे कुणीतरी साहेबांच्या हुकमाने टाकीची तोटी सोडली होती. चारशे लिटर पाणी अंगणभर पसरत निघालं होतं. रत्नमालाने कुदळ उचलली आणि ते पाणी रोपांकडे वळवायला लागली. देवमनने चपला काढल्या आणि दुसऱ्या बाजूने हातानेच माती ओढायला बसला.