श्वापद माफी मागत नाही

मित्रांनो, मी एक जुनं श्वापद आहे. घाबरू नका. मला सात डोकी आणि दहा शिंगं आहेत, जगाचा नाश करणं हे माझं काम आहे, आणि कुणीतरी उचलल्याशिवाय मला जागचं हलता येत नाही.

जगाच्या शेवटी समुद्रातून एक श्वापद वर येईल, लोक त्याच्यापुढे गुडघे टेकतील, मग स्वर्गातून सैन्य उतरेल आणि श्वापदाला अग्नीच्या सरोवरात फेकून देईल, असं पवित्र शास्त्रात शेवटी शेवटी सांगितलेलं आहे. ते खरं व्हायला अजून अवकाश आहे. तोपर्यंत लोकांना अंदाज यावा म्हणून आमच्या चर्चमध्ये दर वर्षी त्याचं नाटक करतात. खरं श्वापद कुठे मिळेना, म्हणून मला बनवलं.

माझा जन्म चर्चमागच्या हॉलमध्ये झाला. शिंपीणबाईंनी जुन्या पडद्यांचं माझं अंग आणि शेपूट शिवलं. डोकी मात्र ज्याच्या घरी जे पडून होतं त्याची झाली. एक हेल्मेट, एक फुटबॉल, दोन बादल्या, एक कुंडी, एक कुकर आणि एक रबरी मुखवटा. मुखवटा माकडाचा होता, पण लांबून चालून गेला असता. खरा वाद शिंगांवरून पेटला. सात डोक्यांना दहा शिंगं वाटायची कशी?

"शास्त्रात वाटणी दिलेली नाही," शिंपीणबाई सुई दातात धरून म्हणाल्या. चर्चचे धर्मगुरू, म्हणजे आमचे पाळकसाहेब, त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली. शेवटी कुकरला चार शिंगं मिळाली, कारण तो सगळ्यांत मजबूत होता, आणि बाकीच्यांना एकेक. तेव्हापासून इतर डोकी कुकरशी कामापुरतंच बोलतात.

आता माझ्या आत जाणार कोण? सगळ्यांचं बोट प्लंबरकाकांकडे गेलं. सिंकखाली अर्धा दिवस दुमडून काढणारा माणूस श्वापदात सहज मावेल, असा हिशोब. ते मावलेसुद्धा. आत वाकून उभं राहायचं आणि सात दोऱ्यांनी सात डोकी हलवायची. फक्त एक अडचण होती. हुक आतून लावले की माझी सगळी डोकी एका बाजूला कलायची आणि जगाचा नाश करणारा मी मान आखडल्यासारखा दिसायचो. म्हणून शिंपीणबाईंनी हुक पाठीवर, बाहेरून बसवले. काकांना आत कोंडायचं, नाटक संपलं की कुणीतरी सोडवायचं.

पहिल्याच वर्षी, ऐन जगाच्या शेवटी, पडद्याच्या धुळीने काकांना शिंक आली. काका सभ्य माणूस. ते म्हणाले, "माफ करा हं." सगळा हॉल हसून लोळला. पुढे स्वर्गाचं सैन्य आलं, न्यायनिवाडा झाला, पापी लोक रांगेने गेले, पण हसू काही थांबेना.

नाटक बसवायच्या पाळकबाई, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नी. त्यांनी काकांना बोलावून घेतलं.

"श्वापद माफी मागत नाही," त्या म्हणाल्या. "यापुढे आतून माणसाचा एक शब्द आला, तर तुम्ही नाटकाबाहेर."

"मग काही झालं तर करू काय?"

"गुरगुरा."

"शिंक आली तर?"

"गुरगुरत शिंका."

काकांनी नियम मनावर घेतला. मित्रांनो, पुढची वर्षं माझ्या वैभवाची होती. मी निळ्या कापडाच्या समुद्रातून वर आलो की पुढच्या ओळीतली मुलं आईच्या मांडीवर चढत. आत काका घामाने निथळत, पण गुरगुरणं असं की खुर्च्या थरथरत. मला मारायचं काम त्यांच्याच मुलीचं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, आवाज खणखणीत, म्हणून ती देवदूत. माझ्या छातीवर पाय ठेवून तिने लाकडी तलवार उगारली की काका नियम मोडून अगदी हळूच म्हणायचे, "हळू गं बाई, जावई शोधायचाय अजून." दर वर्षी तेच. ती हसू दाबायला ओठ चावायची, आणि लोकांना वाटायचं, देवदूताला काय पवित्र राग आलाय!

उरलेलं वर्ष मी मागच्या खोलीत, खुर्च्यांच्या थप्पीमागे काढायचो. फुटबॉलमध्ये उंदरांनी संसार थाटला. मी हरकत घेतली नाही. घेता आलीही नसती.

आणि मग ते वर्ष आलं. हॉल गच्च भरला होता. पंखे बंद होते, कारण पंख्याने अग्नीचं सरोवर उडायचं. ते लाल कागदाचं होतं. मी समुद्रातून वर आलो तेव्हाच काकांची पाठ मला नेहमीपेक्षा जड लागली. थोड्या वेळाने कुकरची दोरी त्यांच्या हातातून सुटली. कुकर खाली मान घालून लोंबायला लागला.

"वा!" कुणीतरी म्हणालं.

मग दोन्ही बादल्या पडल्या. काका गुडघ्यावर आले. त्यांचा श्वास माझ्या कापडाला लागत होता, आधी भराभर, मग तुटक तुटक. एक हात छातीवर होता. दुसऱ्या हाताने ते पाठीमागे हुक चाचपत होते, पण हुक बाहेर होते. त्यांनी हाक मारली असती तर पहिल्या ओळीतल्या कुणीही ऐकली असती. पण श्वापद माफी मागत नाही. जीव जात होता तरी त्या माणसाने नियम पाळला. ते गुरगुरले.

तसं गुरगुरणं मी कधी ऐकलं नव्हतं. हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला. पाळकबाई पडद्याआडून दबक्या आवाजात ओरडल्या, "छान! अजून!"

आणि काकांनी अजून दिलं.

मित्रांनो, मला आयुष्यात एवढं कौतुक कधी मिळालं नाही. माझ्यात सात तोंडं होती, एकातूनही आवाज निघेना. मोठमोठी राज्यं पायाखाली घालणारा मी, मला एक हुक काढता येईना. माझ्या पोटात एक माणूस विझत चालला होता आणि त्याच्याभोवती मी घट्ट, अगदी छान शिवलेला, उभा होतो.

देवदूत आली. तिने पाय ठेवला, तलवार उगारली आणि थांबली. ती वाट बघत होती.

"बाबा?" ती पुटपुटली.

आतून काही नाही.

"मार!" पडद्याआडून पाळकबाई. "मार की गं!"

"बाबा बोलत नाहीयेत."

"बोलायचंच नसतं त्यांनी!"

"नाही हो बाई, ते बोलतात. दर वर्षी बोलतात!" तिने तलवार फेकली आणि मला पालथं पाडलं. एक हुक निघाला, दुसरा अडकला. तिने दातांनी माझी पाठ फाडली. स्वर्गाचं सैन्य पांढऱ्या चादरी सावरत धावत आलं आणि काकांना उचलून बाहेर पळालं. त्यांचा चेहरा मला दिसला. राखेसारखा होता.

हॉलमध्ये एक लहान मूल रडायला लागलं. "मग आता श्वापद जिंकलं का?"

पाळकसाहेब माईकपाशी आले. घसा खाकरून म्हणाले, "वाईटाचा पराभव झाला असं समजून सगळ्यांनी शांतपणे घरी जावं."

लोक घरी गेले. मी रंगमंचावर पडून होतो, न हरलेला. जिंकून इतकं वाईट कुणाला वाटलं नसेल.

मला मागच्या खोलीत टाकलं, एक सोडून सगळी तोंडं भिंतीकडे करून. काका जगले की गेले, मला कोण सांगणार? श्वापदाला कुणी निरोप देत नाही. विचारायला मला येत नाही. झाडूवाला यायचा, तो आपल्या गुडघ्याबद्दल बोलायचा. एके सकाळी खुर्च्या नेल्या. माझा धीर सुटला. पण खुर्च्या लग्नालाही जातात आणि मयतालाही. त्या परत आल्या तेव्हा एका पायाला फुलाची पाकळी चिकटलेली होती. पाकळ्याही दोन्हीकडे लागतात. मी त्या पाकळीकडे किती दिवस बघत बसलो असेन, काय सांगू. ती वाळली, तिचा चुरा झाला, मला काही कळलं नाही.

मग एका दुपारी दार उघडलं. पाळकबाई आणि काकांची मुलगी. मुलीच्या हातात कात्री होती.

"टाकून देऊ या गं हे," पाळकबाई म्हणाल्या. "मला बघवत नाही."

"नको."

"अगं, पण आत जाणार कोण?"

"मी." ती खाली बसून माझे हुक उसवायला लागली. "बाबा भांडतायत रोज. म्हणतात, डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितलंय, समुद्रातून वर येऊ नका असं कुठे म्हटलंय?"

मित्रांनो, मला हसता येत नाही, रडताही येत नाही. कुकर तेवढा जरासा कलंडला. उंदीर असेल.

"मी त्यांना 'अजून' म्हणाले गं," पाळकबाई म्हणाल्या.

"माहितीये. ते सगळ्यांना सांगत फिरतात, बाई 'छान' म्हणाल्या म्हणून."

पाळकबाई तिथेच एका खुर्चीवर बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. मुलीने त्यांच्या हातात सुईदोरा दिला.

आता माझे हुक आतल्या बाजूला आहेत. माझी सातही डोकी एका अंगाला कलतात, त्याला इलाज नाही. नियमही बदलला. आता आतल्या माणसाने थोड्या थोड्या वेळाने बोललंच पाहिजे. त्यामुळे मी समुद्रातून वर येतो, राज्यं तुडवतो आणि मोठ्याने म्हणतो, "मी बरी आहे!" सगळा हॉल म्हणतो, "बरं!" मग जगाचा नाश पुढे सुरू होतो. काका पहिल्या ओळीत बसतात. हत्यारांची पिशवी आता त्यांना उचलवत नाही, दोन वाक्यं बोलली की छाती शिट्टी वाजवते. तरी ओरडतात, "शेपूट! अगं, शेपूट आत घे!"

माझा शेवट ठरलेला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. वाईटाशी लढा, जरूर लढा, मला अजिबात दयामाया दाखवू नका. एवढंच सांगतो, की माझ्यासारख्याच्या आतही कुणीतरी वाकून उभं असतं, आणि ते नेहमी ओरडतंच असं नाही. कुणी नुसतंच गुरगुरत असेल, तर टाळ्या वाजवायच्या आधी जरा जवळ जा.