गिअर उशिरा पडतो

"बारक्या, हिचा गिअर पडत नाही," ताई म्हणाली आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली. चौथ्यांदा! तीच गाडी, तीच तक्रार, आणि दरवेळी सगळ्या गॅरेजसमोर तेच 'बारक्या'. पन्नाशी उलटली माझी. माझ्या हाताखालची माणसं मला पाठीमागे भडकू म्हणतात, तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही. ताईपुढे मात्र माझं काही चालत नाही. थोरली बहीण, काय बोलणार!

गाडी जुनी, दाजी होते तेव्हा त्यांनी घेतलेली. क्लच नाही, गिअर आपोआप बदलतात. ताईचं म्हणणं, पहिला-दुसरा ठीक, पण तिसऱ्याच्या वेळी इंजिन नुसतं बोंबलत राहतं आणि मग धाडकन दणका देऊन गिअर बसतो. मी चालवली की गाडी अगदी शहाण्यासारखी वागायची. तरी मी काही सोडलं नव्हतं. गिअरबॉक्सचं तेल बघितलं, छान लाल, जळका वास नाही. फिल्टर बदलला. अॅक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सकडे एक केबल जाते, ती दोनदा नीट लावली. पाय किती दाबलाय हे ती केबल गिअरबॉक्सला सांगते. पाय खोल गेला की गाडीला वाटतं, मालकाला जोर हवाय, मग ती गिअर मुद्दाम उशिरा बदलते. केबलमध्ये तसूभरही फरक नव्हता.

"ह्या वेळी शोधच," ताई म्हणाली. "पोरगा म्हणतो, आता बास. उद्या भंगारवाल्याला बोलावणार आहे."

"बरोबर बोलतोय तो."

"तू पण त्याच्याच बाजूने बोल! अरे, गाडी गेली की मी संपले. भाजीला सुनेला विचारा, मैत्रिणीकडे जायला पोराला विचारा. मला कोणाच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही, सांगून ठेवते."

तिचा आवाज कापत होता. ताईचा आवाज कापताना मी दाजी गेले तेव्हाच ऐकला होता. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"चल," मी म्हणालो. "तू चालव, मी शेजारी बसतो."

खरं तर हे पहिल्याच दिवशी करायचं असतं. ज्याच्या हातात गाडी बिघडते, त्याच्याच हातात ती बघायची. पण बहिणीच्या शेजारी बसायचं म्हणजे रस्ताभर बोलणी खायची, म्हणून मी टाळत आलो होतो. आणि झालंही तसंच. वळण येईपर्यंत माझे वाढलेले केस, कळकट शर्ट आणि सुटलेलं पोट, सगळ्यांचा समाचार घेऊन झाला.

मग रस्ता मोकळा लागला. दुसरा गिअर पडला. मी मान तिरकी करून कान खालच्या आवाजाकडे लावले. इंजिन चढत गेलं, चढतच गेलं, तिसरा काही पडेना.

"पाय जरा उचल," मी म्हणालो.

"उचललाय की."

इंजिन किंचाळायला लागलं.

"अगं ताई, पाय उचल!"

"उचललाय म्हणते ना! हेच, हेच तर मी तुला सांगत होते!"

मी खाली बघितलं. तिचा तपकिरी बूट पेडलवर होता आणि पेडल पार तळाला टेकलं होतं.

समोर एक रंगारी खांद्यावर शिडी घेऊन रस्ता ओलांडत होता. मला ओरडायलाही सुचलं नाही. हातानेच गिअरचा दांडा न्यूट्रलला ढकलला, हातानेच हँडब्रेक खेचला. गाडी फरफटत गेली आणि त्या माणसापासून दोन हातांवर थांबली. शिडी दणकन रस्त्यावर पडली. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. रंगाऱ्याने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि मी आतूनच हात जोडत राहिलो.

ताई मात्र खूश होती! "बघितलंस? आता तरी पटलं? इतके दिवस मला खोटी पाडत होतास!"

"ताई, तुझा पाय कुठाय?"

"कुठे म्हणजे? ब्रेकवर."

"बघ."

ती वाकली. बूट अजून अॅक्सिलरेटरवरच होता. ती बघतच राहिली. मग तिने गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि पाय उचलून बाजूला ठेवला.

मी गाडी ढकलून कडेला लावली, तिच्या बाजूचं दार उघडलं आणि खाली उकिडवा बसलो. बूट काढायला गेलो तर तो निघेना. जोर लावला तेव्हा निघाला. बुटाच्या तळातून एक खिळा आरपार आत आला होता. मोजा काळा पडून पायाला चिकटला होता, आणि वास असा की मी तोंड फिरवलं. अरे देवा! कधीपासून ही असा पाय घेऊन चालत होती?

"दुखत नाही?"

"काय?" ताई म्हणाली.

मी बूट तिच्यासमोर धरला. तिच्या तोंडाचा रंग उडाला.

"शुगरच्या गोळ्या घेते की मी वेळेवर," ती पुटपुटली. "डॉक्टर म्हणाले होते, पाय रोज बघत जा. पण दुखत नाही तर काय बघायचं?"

मी फोन काढला. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"पोराला सांग, गिअरबॉक्स गेला."

"काय?"

"गेला म्हण. भंगारात देऊ दे त्याला गाडी."

"अगं, आत्ता तर गाडी वाचव म्हणून माझा जीव खात होतीस!"

"नको वाचवू," ती म्हणाली. "गाडीत बिघाड आहे म्हण, बारक्या. माझ्यात आहे म्हणू नकोस. तुझ्या पाया पडते."

थोरली बहीण माझ्या पाया पडायची भाषा करत होती. तरी भाच्याला फोन लावला.

"मामा, काय निघालं?"

"गिअरबॉक्स ठणठणीत आहे," मी म्हणालो. "तू लगेच दवाखान्यात ये. तुझ्या आईचा पाय..." एवढं बोलून मी फोन ठेवला.

ताईने माझं मनगट सोडलं. तिला धरून शेजारच्या सीटवर बसवलं, आणि मी गाडी काढली. बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत होती. पहिला गेला, दुसरा गेला. मग तिने हळूच मान वळवली आणि कान देऊन ऐकायला लागली.

"तिसरा कधी पडणार?" तिने विचारलं.

"पडला, ताई."

"कधी?"

"मघाशीच."

"कळलंच नाही रे मला," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडायला लागली.