काठाकडची जागा

"माह्या कांताची वं नजर, अंधारात सूत धरे." सुताच्या कांड्या भरता भरता सासू ही ओळ गुणगुणायची. ती जाऊन किती वर्षं झाली, तरी मागावर बसलं की कांताबाईंच्या कानात ती ओळ अजून वाजायची.

परवा तीच ओळ शालिकरामनं, त्यांच्या नवऱ्यानं, चहा पिता पिता म्हटली. नाव मात्र बदललं. मयुरीची वं नजर. सून लाजून हसली, अन् कांताबाईंच्या काळजात काटा रुतला तो रुतलाच.

आज मागावर नवा ताणा, म्हणजे लुगड्याचं उभं सूत, सांधायचा होता. जुन्या ताण्याच्या टोकाला नवं टोक राख लावल्या बोटांनी पिळायचं, काळ्याला काळं, जांभळ्याला जांभळं. लुगड्याच्या काठाकडची जागा घरातल्या सर्वांत तीक्ष्ण नजरेची. तिथं पूर्वी सासू बसे, आता कांताबाई. पलीकडं मयुरी.

दिवस कलला तशी मयुरी बल्ब लावायला उठली. कांताबाईंनी तिला बसवलं. या घरात सांधणीला दिवा लागत नाही, म्हणाल्या. मनात होतं, चुकू दे एकदा हिला.

उजेड उतरत गेला. दुपारी केसासारखा रेखीव दिसणारा धागा आता धूसर होऊन दोन झाला. काळं, जांभळं, सारं राखेच्या रंगाचं. डोळे तपासले तेव्हा भर उजेडात त्यांनी तक्त्यावरची शेवटची ओळही वाचली होती. तरी डॉक्टरीण म्हणाली होती, उजेड कमी झाला की कोणाचीही नजर बोथट होते, वयात जास्तच. सांजेला कसं दिसतं, असं तिनं विचारलं. दिवसासारखंच, असं त्यांनी ठणकावून सांगितलं होतं.

समोर मयुरीची बोटं न थांबता चालली होती. तरणे डोळे, मेले. त्या डोळ्यांत चिमूटभर राख फुंकावी, असं कांताबाईंना क्षणभर वाटून गेलं.

तेवढ्यात मयुरी वाकली. काठातली एक तार तिनं अलगद उचलली.

"आई, हे जांभळं काळ्याले लागून गेलं. माह्याच हातून झालं असन."

काठाची एकही तार दिवसभरात मयुरीनं पिळली नव्हती. कांताबाईंनी तार डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. कुठल्याच अंतरावर तिचा रंग सापडेना. त्यांनी तार खाली ठेवली. मग पदरानं बोटांची राख पुसली आणि जागेवरून उठल्या.

"तुह्या हातून नाही झालं. बल्ब लाव अन् इकडे ये, काठाकडे तू बस. मले सांजेचं सूत दिसत नाही वं पोरी. लय दिवसांपासून."