सीमाची सही

मला शिबिराला चाळीस बायका जमवायच्या होत्या आणि साडेदहा वाजले तरी जमल्या होत्या सदतीस. आमच्या नायगावच्या बीडीडी चाळीत सरकारी कार्यक्रम म्हटला की नेमकी त्याच दिवशी बायकांची डोकी दुखतात. बचत गटाची अध्यक्ष मी, खेटे घालून महिला हक्कांचं सरकारी शिबिर चाळीत आणलं मी, आणि दारोदार विनवण्याही मीच करायच्या! वैतागून नणंदेला, सीमाला फोन लावला. म्हटलं, एक खुर्ची तरी भरेल.

सीमा दोन चाळी सोडून मैत्रिणीच्या खोलीत राहायची. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला बाहेर काढली, तेव्हापासून. आता ती चाळ पाडणार, महिनाअखेरीस खोली रिकामी करायची, आणि मैत्रीण निघाली कोकणात. मग सीमा जाणार कुठे, हा विषय आमच्या घरात चहाबरोबर निघायचा आणि चहाबरोबरच संपायचा. आम्हाला मात्र आमच्या खोलीच्या बदल्यात नव्या इमारतीत फ्लॅट मिळणार होता. मंगळवारी करारावर सह्या होत्या, माझ्या आणि नवऱ्याच्या.

सीमा आली आणि मागच्या रांगेत बसली. शिबिरासाठी आलेल्या वकीलबाई वयाने लहान, पण बोलायला सडेतोड. माहेरच्या घरावर मुलीचाही हक्क असतो, हे त्यांनी नीट समजावलं. मग विचारलं, वडिलांच्या खोलीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर तुमच्यापैकी कितीजणींनी सही केली आहे? एकेक हात वर यायला लागला. मी माईकपाशी उभी राहून बघत होते. अर्ध्याहून जास्त हात वर. बदल्यात काय मिळालं, असं बाईंनी विचारलं, तर सगळ्यांचं उत्तर एकच, साडी.

तशी रीतच आहे आमच्याकडे. बहिणीने सही करायची, भावाने तिला हिंदमाताच्या बाजारातली साडी द्यायची, मग सगळ्यांनी गोडाचं जेवायचं. बायका हसत हसत रंग आणि काठ सांगत होत्या. माझं टाळकंच सटकलं. माईक ओढून मी म्हटलं, त्या भावांना जनाची नाही तर मनाची तरी वाटली पाहिजे, सख्ख्या बहिणीला एका साडीवर वाटेला लावतात! टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात सीमा उठून उभी राहिली. तिचा हात अजून वरच होता.

"वयनी, माझी साडी तूच आणलेलीस," ती म्हणाली. "मोरपंखी. चांगली टिकली."

टोमणा नव्हता हो तो. मी विसरले असेन म्हणून आठवण करून द्यावी, तसं बोलली ती. चौदा वर्षांपूर्वी सासरे, आमचे तात्या गेले. खोली नवऱ्याच्या नावावर करायची होती, म्हणून मीच हिंदमाताला जाऊन घासाघीस करून ती साडी आणली होती. चाळीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. बाईंनी शांतपणे सांगितलं की आता कायद्याने भांडायचं तर वर्षं जातील, पण खोली ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच मनात आणलं तर गोष्ट वेगळी. पुढे मी आभार कसे मानले ते मला आठवत नाही.

घरी आले ती नवऱ्यावर, सुशांतवर तुटून पडले. पाठच्या बहिणीला असं करताना तुला काहीच कसं वाटलं नाही, म्हणून सुनावलं. सुशांतने पेपर बाजूला ठेवला.

"मी तिचं नाव राहू दे म्हणत होतो," तो म्हणाला. "तू दोन दिवस जेवली नव्हतीस."

साफ खोटं, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात सगळं आठवलं. नाव ठेवलं तर उद्या ती येऊन उरावर बसेल, हे माझेच शब्द होते. आणि इतकी वर्षं मी बाहेर सांगत फिरले, आमच्या ह्यांनी केलं. माणूस स्वतःलाच एवढं फसवू शकतं?

आकांक्षा, माझी लेक, पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. वैशाखात तिचं लग्न. पुढेमागे फ्लॅट मयूरच्या, तिच्या भावाच्या नावावर करू, हे मी अख्ख्या चाळीला सांगून ठेवलेलं.

"आई, माझी सही लग्नाआधी घेणार की नंतर?" तिने विचारलं. घडी घालता घालता, सहज.

तिच्याकडे बघवेना. मी सुशांतला म्हटलं, करारात सीमाचं नाव घालायचं, मग पाहिजे तर माझं काढ. दोघांसमोर फोन लावला. सीमाला सांगितलं की सोमवारी आधार कार्ड आणि फोटो घेऊन ये, अर्ज द्यायचाय, आणि सामान बांधून इथेच राहायला ये.

"मी काय मागितलं नव्हतं गो, वयनी," ती म्हणाली.

खरंच नव्हतं मागितलं. कधी काही मागत नाही, म्हणूनच तर चौदा वर्षं मी तिला चारचौघांत गुणाची म्हणत आले होते.