अर्धवटांची खिडकी

मुलांच्या वाचनाचा उत्सव करायचा ठरला, तेव्हा पहिल्या बैठकीत सगळ्यांना सगळं सुचलं. फक्त वाचन कुणाला सुचलं नाही.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर लांबट टेबलाभोवती उत्सव समिती बसली होती. मुख्य ग्रंथपाल, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत. वाचनालयाच्या मित्रमंडळाच्या अध्यक्षबाई, ज्यांनी वाचनालयासाठी आजवर काय काय केलं होतं. पुस्तक तेवढं कधी नेलं नव्हतं. सजावटवाला, खिशात मोजपट्टी घेऊन. आणि टेबलाच्या टोकाला, पंख्याचा वारा जिथे पोचत नाही तिथे, बालविभागाच्या बाई.

"पुस्तकांच्या वेशात मुलांची मिरवणूक," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"फुगे," सजावटवाला म्हणाला.

"फुगे तर हवेतच. आणि शपथ. मी रोज वाचीन, अशी. मोठ्याने. खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

"डोक्यावर पुस्तक ठेवून चालण्याची शर्यत!" साहेबांना एकदम स्फुरण चढलं. "जाड पुस्तकं घेऊ. तो संदर्भकोश आहे ना, कुणी उघडत नाही, तो घेऊ."

बाईंनी घसा खाकरला. "मुलांना थोडा वेळ वाचायला बसवू या का?"

अध्यक्षबाईंनी चहाचा कप हळूच बशीत ठेवला. सजावटवाल्याने छताकडे पाहिलं. साहेब मायेने हसले, जसं लहान मुलाने पाहुण्यांसमोर भलतंच काही विचारल्यावर हसावं लागतं.

"बाई, ते रोजचंच झालं. उत्सवात काहीतरी वेगळं नको का?"

*

वेगळं काय, ते सजावटवाल्याने कागदावर काढून दाखवलं. वाचनवृक्ष. पुस्तकं एकावर एक गोल रचत न्यायची, वर निमुळतं होत जाईल, टोकाला चांदणी. समोर उभं राहून मुलं फोटो काढतील. खात्याचे मोठे साहेब प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते, तेही काढतील.

"आणि उत्सवानंतरही झाड तिथेच ठेवायचं," साहेब म्हणाले. "कायमचं आकर्षण."

"तिथेच म्हणजे कुठे?" बाईंनी विचारलं.

"बालविभागात. खिडकीशी. उजेड फक्त तिथेच बरा आहे."



*

आता ही खिडकी.

बालविभागाच्या खिडकीला आतून रुंद दगडी कट्टा होता. त्यावर पुस्तकं उभी असत आणि प्रत्येकातून काहीतरी बाहेर डोकावत असे: बसचं तिकीट, कबुतराचं पीस, चॉकलेटचा चपटा केलेला कागद, केसांची पिन. ज्या मुलांकडे कार्ड नव्हतं, किंवा ज्यांच्या घरी नेलेलं पुस्तक परत येईल याची खुद्द त्यांनाच खात्री नव्हती, ती मुलं इथेच बसून वाचत. घरून हाक आली की वाचलेल्या पानात आपली खूण ठेवायची आणि पुस्तक कट्ट्यावर लावायचं. ते पूर्ण होईपर्यंत कुणी उसनं नेणार नाही, आणि खूण कुणी हलवणार नाही. एकाच पुस्तकात दोघांच्या खुणा असल्या तर पुढे गेलेल्याने मागच्याला शेवट सांगायचा नाही. मुलं या जागेला अर्धवटांची खिडकी म्हणत.

नियम असा होता की संध्याकाळी प्रत्येक पुस्तक आपापल्या क्रमांकाने कपाटात गेलं पाहिजे. बाई तो नियम कैक वर्षं मोडत आल्या होत्या. साहेब ते कैक वर्षं न बघत आले होते. दोघांचं उत्तम जमलं होतं.

"तिथे झाड आलं तर ही पुस्तकं कुठे जातील?" बाईंनी विचारलं.

"कपाटात," साहेब म्हणाले. "जिथे पुस्तकं असतात."

"आणि खुणा?"

"कचरा तो, बाई. मोठे साहेब येताहेत आणि तुमच्या खिडकीत चॉकलेटचे कागद!"

बाईंनी मान खाली घातली. पण त्या मुलांमध्ये आयुष्य काढलेल्या बाई होत्या. सौदा कसा करायचा हे त्यांना ठाऊक होतं.

"ठीक आहे. झाड करा. पण मग कार्यक्रमात मुलांचं वाचन घ्यायचं. अर्धा तास. खरंखुरं. मोठ्या साहेबांसमोर." म्हणजे खिडकी काय असते ते निदान मोठ्या साहेबांना दिसेल, असा बाईंचा हिशेब.

"अर्धा तास!" साहेबांनी हात झटकला. "दिला!"

*

कार्यक्रम, पहिला मसुदा:
रिबीन. स्वागत. मिरवणूक. मुलांचं वाचन, अर्धा तास. शपथ. भाषण. खाऊ.

कार्यक्रम, दुसरा मसुदा:
रिबीन. स्वागत. स्वागताला उत्तर. मिरवणूक. डोक्यावर पुस्तक ठेवून चालणे. मुलांचं वाचन, पंधरा मिनिटं (याच वेळात खाऊवाटप). शपथ. भाषण.

कार्यक्रम, तिसरा मसुदा:
रिबीन. स्वागत. स्वागताला उत्तर. मिरवणूक. डोक्यावर पुस्तक. फुगे सोडणे. मुलांचं मूक वाचन, दोन मिनिटं. शपथ. भाषण. खाऊ.

*

"दोन मिनिटं मूक?" बाईंच्या नवऱ्याने विचारलं. "कोण गेलं?"

नवरा दातांचं काम करायचा. म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टर माप पाठवायचे आणि हा कवळ्या बनवायचा. स्वयंपाकघराच्या टेबलावर एका बाजूला बाईंची भाजीची परात, दुसऱ्या बाजूला त्याचे कुणाचे तरी वरचे दात.

"चेष्टा सुचतेय तुम्हाला."

"चेष्टा कसली? तू तिथे उठून सांगायचं की साहेब, ठरलं होतं अर्धा तास."

"सांगितलं. म्हणाले, बाई, तुम्ही फार वैयक्तिक घेता."

"वैयक्तिकच आहे की. तुझी खिडकी आहे." नवऱ्याने एक दाढ दिव्याजवळ धरून पाहिली. "आणि आपल्या लेकीला ने ना उत्सवाला. तिने शेवटचं पुस्तक कधी उघडलं होतं?"

"मला शाळेत उघडावंच लागतं!" आतल्या खोलीतून लेकीचा आवाज आला.

"ग्रंथपालाची मुलगी," नवरा म्हणाला. "माझ्या तोंडात बघ, माझेपण सगळे दात किडलेत."

बाईंना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले, ते त्यांनी कांद्यावर घातलं.

*

कार्यक्रम, अंतिम:
रिबीन. स्वागत. स्वागताला उत्तर. मिरवणूक. डोक्यावर पुस्तक. फुगे. शपथ. प्रतीकात्मक वाचन. भाषण. खाऊ. फोटो.

प्रतीकात्मक वाचन म्हणजे मुलांनी झाडाभोवती उभं राहून हातात पुस्तक धरायचं. वाचायचं नाही, वेळ जातो.

आणि पुस्तकंही पुस्तकं नसणार होती. सजावटवाल्याने बालविभागातली खरी पुस्तकं पाहिली आणि नाक मुरडलं. कोपरे दुमडलेले, पाठी सोललेल्या, एकाची उंची दुसऱ्याला नाही. "असं झाड फोटोत मार खाईल, साहेब. मी पुठ्ठ्याची करून आणतो. आतून पोकळ, बाहेरून चकचकीत. वजन नाही, धूळ नाही, फाटायची भीती नाही."

"आणि वाळवी?" साहेबांनी जबाबदारीने विचारलं.

"आत काही असेल तर लागेल ना."

साहेब खूश झाले. शेवटी एकदाची वाचनालयाला साजेशी पुस्तकं मिळाली होती.

रात्री हे ऐकून नवऱ्याने हातातली कवळी टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "माझे दात खोटे असतात. पण चावतात गं."

*

उत्सवाच्या आदल्या दिवशी सजावटवाला झाड रचायला आला आणि त्याच्या लक्षात आलं की पुठ्ठ्याची पुस्तकं कमी पडणार. वरचा निमुळता भाग त्याने घरीच चिकटवून आणला होता, चांदणीसकट. बुंधा उरला होता. बुंध्याला पुस्तकं नव्हती.

"भरा काहीतरी!" साहेब जिन्यावरून ओरडले. त्यांच्या एका हातात रिबीन होती, दुसऱ्यात कात्री. "बाई, काय असेल ते भरा तिथे!"

"काय असेल ते?"

"काय असेल ते! आणि ती खिडकी रिकामी करा आधी!"

बाई थोडा वेळ कट्ट्यासमोर उभ्या राहिल्या. साहेबांनी दोन कामं सांगितली होती. दोन्ही एकाच फेरीत होण्यासारखी होती.

त्यांनी खिडकीतली पुस्तकं खाली उतरवली आणि बुंध्याला रचली. पाठी आत, पानं बाहेर. एकही खूण हलवली नाही. तिकिटं, पीस, पिना, सगळं बुंध्यातून बाहेर डोकावत राहिलं.

"हे काय लोंबतंय?" सजावटवाल्याने विचारलं.

"पालवी," बाई म्हणाल्या.

"झकास! फक्त मुलांना सांगा, खालचं काही ओढायचं नाही. वरचं सगळं त्यावरच टेकलंय."

"सांगते हं," बाई म्हणाल्या, आणि मुलांनी हातात धरायला बाजूला काढलेल्या पोकळ पुस्तकांपैकी एक उचलून पाहिलं. फुग्याइतकं हलकं होतं. मग ते जागच्या जागी ठेवलं.

*

उत्सव.

रिबीन कापली गेली. कात्री बोथट निघाली, मोठ्या साहेबांनी शेवटी ओढून तोडली. स्वागत झालं. स्वागताला उत्तर झालं. मिरवणुकीत पुस्तक झालेली मुलं दारातून आत येईनात, कारण पुठ्ठा रुंद होता. संदर्भकोश एकाच्या पायावर पडला, आणि अध्यक्षबाई म्हणाल्या की त्या कोशाचा आज पहिल्यांदाच कुणावर परिणाम झाला. शपथ इतक्या मोठ्याने झाली की अभ्यासिकेतल्या म्हाताऱ्या वाचकाने वर येऊन विचारलं, शांतपणे कुठे बसता येईल?

मग प्रतीकात्मक वाचन.

मुलं झाडाभोवती उभी राहिली. प्रत्येकाच्या हातात एक चकचकीत पुस्तक. फोटोग्राफर गुडघ्यावर बसला. मोठे साहेब मधोमध, खुर्चीत, मांडीवर भाषणाचे कागद.

"वाचतोय असं दाखवा!" फोटोग्राफर म्हणाला.

"बाई," एक मुलगी म्हणाली. दोन वेण्या होत्या, एकीची पिन गायब होती. "हे उघडत नाहीये."

"उघडायचं नाही, बाळा," साहेब दातांवर दात ठेवून हसत म्हणाले. "नुसतं धरायचं."

"मग वाचायचं कसं?"

"वाचायचं नाही. हसायचं."

वेणीवालीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. बाई बुंध्याकडे पाहत होत्या.

"अय्या, माझी पिन!"

आणि ती खाली बसली. मग दुसरं कुणीतरी म्हणालं, माझं तिकीट. मग, माझं पीस. बाईंना सांगायचं होतं ते त्यांनी खरोखर सांगितलं: "मुलांनो, खालचं ओढायचं नाही हं." पण त्यांचा आवाज, जो एरवी दोन खोल्या पलीकडच्या मुलाला जागेवर बसवायचा, तो आज का कोण जाणे बसला होता.

झाड आधी थोडं वाकलं, जणू कुणी हाक मारली म्हणून. मग चांदणी मोठ्या साहेबांच्या मांडीवर येऊन पडली, आणि तिच्यामागून वाचनाची सगळी भरभराट, टप्पटप्पटप्प, रिकाम्या खोक्यांसारखी.

कुणालाही काही लागलं नाही. लागण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. अध्यक्षबाई पुठ्ठे गोळा करू लागल्या. सजावटवाला म्हणाला, "मी सांगितलं होतं." आणि मुलं? मुलं त्या पसाऱ्यात मांडी घालून आपापलं पान शोधून वाचत बसली होती. खोलीत इतकी शांतता पसरली की साहेबांना स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला, आणि तो त्यांना काही बरा वाटेना.

"सर, मी... भाषण... आपण भाषण घेऊ," साहेब मोठ्या साहेबांपाशी जाऊन कुजबुजले.

मोठे साहेब वाकून वेणीवालीच्या खांद्यावरून बघत होते.

"हे काय आहे?" त्यांनी तिला विचारलं.

"चोर आहे. तो फक्त डावेच बूट चोरतो."

"डावेच का?"

"ते नाही सांगायचं. तुम्ही मागे आहात."

"थोडं इकडे धर की."

तिने नाइलाजाने पुस्तक अर्धं त्यांच्याकडे सरकवलं, आणि तेही पहिल्या पानापासून. मोठे साहेब वाचू लागले. भाषणाचे कागद मांडीवरून घसरले ते त्यांना कळलंही नाही. साहेब दोनदा खोकले. दुसऱ्यांदा वेणीवालीने तोंडावर बोट ठेवून त्यांना गप्प केलं.

गाडी खाली येऊन भोंगा वाजवू लागली, तेव्हा मोठे साहेब उठले. "बाई, हे घरी नेता येईल?"

"कार्ड आहे का?"

ज्या खात्याने राज्यभर कार्डं वाटली, त्याच्या प्रमुखाकडे कार्ड नव्हतं.

"आणि माझं अजून संपलेलं नाहीये," वेणीवाली म्हणाली.

"मग खूण ठेवा," बाई म्हणाल्या, "आणि खिडकीत लावा. कुणी हलवणार नाही."

मोठ्या साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. जवळ दुसरं काही नव्हतं. त्यांनी "बालवयात वाचनाचे महत्त्व" हे भाषण चौघडी करून पानात घातलं आणि पुस्तक स्वतःच्या हाताने कट्ट्यावर उभं केलं.

*

दुसऱ्या दिवशी साहेब बालविभागात आले. मागे सजावटवाला, हातात डिंकाचा डबा.

"बाई, झाड पुन्हा उभं करतोय. या वेळी बुंधाही पुठ्ठ्याचा. खिडकी रिकामी करा."

"करते की," बाई म्हणाल्या. त्या उठल्या, कट्ट्यापाशी गेल्या आणि एका पुस्तकावर हात ठेवला. त्यातून एक पिन आणि एक जाडजूड भाषण बाहेर डोकावत होतं. "मोठ्या साहेबांचं आहे. फोन आला होता सकाळी, शनिवारी येतो म्हणाले. यातली खूण कचऱ्यात टाकू, की आधी त्यांना कळवू?"

साहेबांनी भाषणाकडे पाहिलं. भाषणाने साहेबांकडे पाहिलं.

"राहू दे," साहेब म्हणाले. मग सजावटवाल्याकडे वळून, जरा खेकसून: "झाड जिन्याखाली लावा. तिथे अंधार आहे, तर आहे."

उत्सवाच्या इतिवृत्तात पुढे एवढंच लिहिलं गेलं की कार्यक्रम उत्साहात पार पडला आणि प्रमुख पाहुण्यांचं भाषण वेळेअभावी अर्धवट राहिलं.

शनिवारी मोठे साहेब आले तेव्हा त्यांची जागा गेली होती. वेणीवाली तिथे बसली होती, चोराच्या शेवटच्या पानावर.

"सांगू?" ती म्हणाली.

"खबरदार," मोठे साहेब म्हणाले, आणि आपली पाळी येईपर्यंत कट्ट्याशेजारी उभे राहिले.